फॉल्कर्क व्हील पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी एडिनबरा अथवा ग्लासगोला शिकायला, नोकरीला असते आणि आई-वडील महिनाभरासाठी जातात, तेव्हा किल्ला, सरोवरे आणि डोंगर झाल्यावर "आता आणखी काय पाहायचे?" असा प्रश्न उरतो. त्याचे एक चांगले उत्तर या दोन शहरांच्या साधारण मधोमध, फॉल्कर्क गावाजवळ उभे आहे. तिथे जाण्यापूर्वी आणि जाऊन आल्यावर आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

फॉल्कर्क व्हील म्हणजे नेमके काय आहे?

नावावरून आणि छायाचित्रावरून बहुतेकांचा समज होतो की, हा पर्यटकांना बसवून फिरवणारा मोठा आकाशपाळणा असावा. प्रत्यक्षात ती बोटी चढवण्या-उतरवण्याची यंत्रणा आहे आणि कालव्याच्या वाहतुकीचाच तो एक भाग आहे. खालच्या पातळीवर फोर्थ आणि क्लाइड कालवा आहे, तर वरून युनियन कालव्याचा फाटा एका जलसेतूवरून चालत येतो आणि अचानक हवेत संपतो. या दोहोंमधील 24 मीटरचे अंतर हे चाक बोटीला तिच्या भोवतालच्या पाण्यासकट उचलून पार करून देते. चाकाची स्वतःची उंची 35 मीटर, म्हणजे साधारण अकरा-बारा मजली इमारतीएवढी आहे. बोटी उचलणारी यंत्रे जगात इतरत्रही आहेत, परंतु गोल फिरून बोट उचलणारे यंत्र एवढे एकच आहे.

दोन कालवे इतक्या वेगवेगळ्या उंचीवर बांधलेच का?

कारण ते दोन वेगळ्या काळांत, वेगळ्या गरजेसाठी बांधले गेले. फोर्थ आणि क्लाइड कालवा 1790 मध्ये पूर्ण झाला. स्कॉटलंडच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडून जहाजांचा उत्तरेकडचा लांबचा वळसा वाचवणे हा त्याचा हेतू होता. जॉन स्मीटन या अभियंत्याने त्याची आखणी केली होती. युनियन कालवा 1822 मध्ये सुरू झाला. एडिनबराच्या चुलींना आणि शेकोट्यांना कोळसा हवा होता, तो स्वस्तात आणण्यासाठी हा कालवा खणला गेला. ह्यू बेअर्ड या अभियंत्याने तो डोंगरउताराच्या एकाच समपातळीवरून असा वळवत नेला की, सुमारे 50 किलोमीटरच्या वाटेत बोटीला कुठे चढउतारच करावा लागू नये. ही सोय मोठीच होती, पण तिची किंमत शेवटी फॉल्कर्कला मोजावी लागली, कारण एकाच पातळीवर आलेला हा कालवा तिथे पोहोचतो तेव्हा खालच्या कालव्यापासून सुमारे 35 मीटर उंच राहिलेला असतो. (यातले 24 मीटर आज चाक पार करते, उरलेल्या 11 मीटरचा उल्लेख पुढे येईल.)

मग पूर्वी बोटी तो उतार कसा उतरत होत्या?

पाण्याच्या जिन्याने. पनामा कालव्याबद्दल शाळेत शिकलेल्यांना लॉकची कल्पना असेल : दोन्ही बाजूंना दारे असलेल्या हौदात बोट घ्यायची, हौद भरून तिला वर आणायचे किंवा रिकामा करून खाली सोडायचे. फॉल्कर्कला असे 11 हौद एकापाठोपाठ एक होते. ते सगळे पार करायला बोटीला जवळजवळ अख्खा दिवस लागे आणि एका खेपेला सुमारे 3,500 टन पाणी वरच्या कालव्यातून खाली निघून जाई. 1842 मध्ये एडिनबरा ते ग्लासगो रेल्वे सुरू झाल्यावर एवढा वेळ घालवायला प्रवासी तयार होईनात. पुढे मालही रेल्वेने आणि मग रस्त्याने जाऊ लागला. 1933 मध्ये हे हौद मोडून टाकण्यात आले. फोर्थ आणि क्लाइड कालवा 1963 मध्ये, तर युनियन कालवा 1965 मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला. त्यानंतर त्यांत गाळ साचला आणि काही ठिकाणी तर वरून रस्ते गेले.

एकविसाव्या शतकाच्या स्वागतानिमित्त हे दोन्ही कालवे पुन्हा किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जोडण्याची 8 कोटी 45 लाख पौंडांची योजना हाती घेण्यात आली. त्यातील सुमारे 1 कोटी 75 लाख पौंड या चाकावर खर्च झाले. जुने अकरा हौद पुन्हा बांधता आले असते, पण नव्या शतकाची खूण म्हणून काहीतरी नवे हवे होते.

इतके मोठे चाक फिरवायला वीज किती लागते?

अर्ध्या फेरीला दीड युनिट, म्हणजे वीजबिलावर आपण जे युनिट वाचतो तेच दीड. घरातला दोन किलोवॉटचा गीझर पाऊण तास चालवला तर तेवढीच वीज जळते. तिथले लोक हा हिशेब चहाच्या आठ किटल्या उकळण्याच्या भाषेत सांगतात. एका बोटीला वर आणि दुसरीला खाली नेण्याचे काम या दीड युनिटात, सुमारे चार मिनिटांत होते.

हे कसे शक्य होते, याचे उत्तर आपल्याकडच्या कावडीत आहे. खांद्यावरच्या बांबूला दोन्ही टोकांना सारख्याच भरलेल्या घागरी लावल्या की कावड तोलून राहते आणि तिला फिरवायला किंवा वळवायला बोटाचा धक्काही पुरतो. एकच घागर भरलेली असेल तर मात्र तोच माणूस वाकडा होऊन चालतो. फॉल्कर्कच्या चाकाच्या दोन्ही बाहूंना एकेक पोलादी पाळणा आहे आणि प्रत्येकात 2,50,000 लिटर, म्हणजे 250 टन पाणी मावते. दोन्हींकडचे वजन सारखे असल्यामुळे मोटारींना ते पाणी उचलावे लागतच नाही. त्यांना केवळ आसाचे घर्षण, वाऱ्याचा रेटा आणि चाकाला गती देण्यापुरता जोर लावावा लागतो.

पण एका पाळण्यात बोट असेल आणि दुसऱ्यात नुसतेच पाणी असेल, तर तोल जात नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवा, कारण या जागेची खरी गंमत त्यात आहे. तोल जात नाही. तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा सिद्धान्त आपण आठवी-नववीत पाठ केलेला असतो. पाळण्याचे दार उघडे असताना बोट आत शिरते, तेव्हा तिच्या वजनाइतकेच पाणी पाळण्यातून मागे कालव्यात निघून जाते. दार बंद झाल्यावर पाळण्यात जे उरते, त्याचे एकूण वजन बोट नसतानाच्या वजनाएवढेच असते. म्हणून एका बाजूला पर्यटकांनी भरलेली मोठी बोट आणि दुसऱ्या बाजूला एखादे बदकही नसले, तरी चाकाला फरक पडत नाही. अट एकच : दोन्ही पाळण्यांतील पाण्याची पातळी सारखी असली पाहिजे. त्यासाठी संगणक, संवेदक, झडपा आणि पंप सतत काम करतात आणि दोन्ही पातळ्यांतला फरक 37 मिलिमीटरच्या आत ठेवतात.

मुलांना हे समजावायचे असेल तर काठोकाठ भरलेल्या बादलीत तांब्या तरंगत सोडून दाखवावा, आणि सांडलेले पाणी वाया जाणार नाही अशा जागी तो प्रयोग करावा.

चाक फिरताना पाळणे कलंडत का नाहीत?

जत्रेतल्या पाळण्यातला डबा स्वतःच्या वजनाने लोंबकळत राहतो, म्हणून तो सरळ असतो. पण तो हेलकावे खातो. इथे अडीचशे टन पाणी हेलकावले तर चालणार नाही. त्यामुळे जलसेतूच्या बाजूला चाकाच्या आडोशाला दंतचक्रांची एक रांग बसवलेली आहे : मधोमध न फिरणारे 8 मीटर व्यासाचे मोठे चक्र, दोन्ही पाळण्यांना जोडलेली तेवढ्याच व्यासाची दोन चक्रे, आणि त्यांच्या मध्ये दोन लहान चक्रे. मधले मोठे चक्र स्थिर असल्यामुळे आणि बाहेरच्या चक्रांना तितकेच दाते असल्यामुळे, बाहू ज्या कोनातून एका दिशेने फिरतो, पाळणा बरोबर तितक्याच कोनातून उलट फिरतो आणि जमिनीला समांतर राहतो. वास्तुविशारद टोनी केटल यांनी ही कल्पना पहिल्यांदा पटवून दिली ती आपल्या मुलीच्या लेगोच्या खेळण्यातील चक्रे जोडून. एरवी अशा गोष्टी रचलेल्या वाटतात, पण ही दंतचक्रे प्रत्यक्ष पाहिल्यावर लेगोची गोष्ट सहज पटते, कारण रचना खरोखरच तितकी साधी आहे.

ही दंतचक्रे समोरून नीट दिसत नाहीत. बहुतेक पर्यटक समोरच्या जलाशयाच्या काठावरून छायाचित्रे काढून परत फिरतात. तसे न करता बाजूने फिरून मागे जावे.

जवळून पाहण्यासारखे आणखी काय आहे?

खालचा पाळणा जिथे येऊन टेकतो, तो खड्डा पाहावा. पाळणा पाण्यात उतरतो असे लांबून वाटते, पण तो उतरतो कोरड्या गोल खड्ड्यात. तो जर पाण्यात बुडाला असता, तर खालच्या पाण्याने त्याला वर ढकलले असते आणि सगळा तोल बिघडला असता. पाळणा जागेवर आला की त्याचे दार आणि कालव्याचे दार समोरासमोर येतात. त्या दोन दारांमधल्या फटीत आधी पाणी भरले जाते, दोन्हीकडची पातळी एक होते आणि मगच दारे उघडतात. निघताना हेच उलट क्रमाने होते. त्या वेळी चाकाच्या जवळ उभे राहिल्यास पंपाची घरघर आणि पाणी निथळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. नंतर चाक हलते, पण ते कधी हलले हे कळत नाही. मागच्या झाडाच्या शेंड्याकडे आणि पाळण्याच्या कडेकडे एकत्र पाहत राहिले तरच पहिला क्षण सापडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बोल्ट. चाकाच्या पोलादात साधारण 15,000 बोल्ट आहेत आणि ते सगळे हाताने आवळलेले आहेत. चाक फिरते तसा प्रत्येक भागावरचा ताण उलटसुलट होतो, आणि अशा ठिकाणी वेल्डिंगच्या जोडाला कालांतराने तडे जाण्याची भीती असते, म्हणून बोल्टची निवड झाली. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात हे सुमारे 1,200 टनांचे चाक आधी पूर्ण जोडून पाहण्यात आले, नंतर सुटे करून 2001 मध्ये 35 ट्रकांतून इथे आणले गेले आणि पुन्हा उभे केले गेले.

नुसते खाली उभे राहून पाहिले तर चालेल, की बोटीची फेरी घ्यावीच?

आवारात जायला आणि चाक फिरताना पाहायला पैसे पडत नाहीत. तिकीट फक्त बोटीच्या फेरीला आहे. ज्यांच्याकडे अर्धाच तास आहे, त्यांनी खालून पाहिले तरी आक्षेप घेण्यासारखे काही नाही. तरीही आमचे मत असे की फेरी घ्यावी आणि शक्य असल्यास आधी एक फेरी खालून पाहून मगच बोटीत बसावे. बोटीतून यंत्र दिसत नाही, आणि खालून वरचा भाग दिसत नाही.

फेरी साधारण तासाभराची असते. बोट खालच्या पाळण्यात शिरते, वर जाते आणि जलसेतूवरून पुढे निघते. इथे पुढच्या बाजूला बसलेल्यांना काही क्षण असे वाटते की कालवा समोर हवेत चालला आहे. त्यानंतर येतो सुमारे 180 मीटर लांबीचा रफकासल बोगदा. या बोगद्याच्या वरून दोन गोष्टी जातात आणि मार्गदर्शकाने सांगितले नाही तर दोन्ही निसटतात. पहिली, अँटोनाइन भिंत. इसवी सन 142 च्या सुमारास रोमन सैन्याने स्कॉटलंडच्या अरुंद कंबरेवर ही मातीची सरहद्द बांधायला घेतली. 2008 पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिला धक्का लागू नये म्हणूनच कालवा उघड्यावर न नेता जमिनीखालून नेला. दुसरी गोष्ट म्हणजे एडिनबरा ते ग्लासगो रेल्वेमार्ग. ज्या रेल्वेने 1842 मध्ये या कालव्याचे प्रवासी पळवले, तिच्याच खालून आता कालवा जातो, आणि तुम्ही बहुधा तिथपर्यंत त्याच रेल्वेने आलेले असता.

बोगद्यापलीकडे बोट वळते आणि त्याच वाटेने परत येते. आणखी पुढे दोन लॉक आहेत, कारण चाकाने 24 मीटर चढल्यावरही युनियन कालवा आणखी 11 मीटर उंच राहतो. पर्यटकांची बोट तिथपर्यंत चढत नाही, मात्र स्वतःची बोट घेऊन प्रवास करणारे ते दोन्ही लॉक पार करून थेट एडिनबरापर्यंत जातात.

भीती वाटते का? बोट लागते का?

नाही. समुद्रासारखी लाट इथे नाही आणि चाकाची गती इतकी मंद आहे की कपातला चहाही डुचमळत नाही. उंचीची फारच धास्ती असलेल्यांनी जलसेतूवर असताना बोटीच्या मधल्या भागात बसावे, एवढे पुरे.

तिथे जायचे कसे?

एडिनबराच्या वेव्हर्ली किंवा ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकावरून फॉल्कर्क हाय स्थानकाला थेट गाड्या आहेत आणि दोन्हींकडून प्रवास अर्ध्या तासाच्या आसपास आहे. गावात ग्रॅहमस्टन हे दुसरे स्थानक आहे, आणि चाकाला सर्वांत जवळचे स्थानक कॅमलन. तिथून पुढे बस, टॅक्सी किंवा पायी जाता येते.

चालण्याची सवय असेल तर फॉल्कर्क हायला उतरून युनियन कालव्याच्या काठाने पश्चिमेकडे निघावे. वाट सुमारे तीन किलोमीटरची, सपाट आणि झाडीतली आहे. पूर्वी याच वाटेने घोडे दोराने बोटी ओढत. वाटेत ते दोन नवे लॉक लागतात, बोगद्यातून चालत जाता येते आणि बाहेर पडल्यावर चाक समोरून नव्हे, तर वरून भेटते. पहिल्या भेटीसाठी याहून चांगली दिशा नाही. बोगद्यात पाणी ठिबकते, त्यामुळे टोपी किंवा जाकीट जवळ ठेवावे.

किती वेळ राखून ठेवावा? जोडीला आणखी काय पाहता येईल?

फेरी, आवारात फिरणे आणि चहा मिळून अडीच-तीन तास धरावेत. पूर्ण दिवस असेल तर केल्पी चुकवू नयेत. कालव्याच्या काठाने पूर्वेकडे साधारण सहा-सात किलोमीटरवर अँडी स्कॉट या शिल्पकाराने केलेली घोड्यांची दोन पोलादी डोकी आहेत. प्रत्येक 30 मीटर उंच आणि सुमारे 300 टन वजनाचे आहे. केल्पी हे स्कॉटिश लोककथांतले, घोड्याचे रूप घेऊन पाण्यात राहणारे भूत. पण शिल्पकाराच्या डोळ्यांसमोर होते ते बोटी आणि नांगर ओढणारे धिप्पाड क्लाइड्सडेल घोडे. चाक पाहून झाल्यावर ही डोकी पाहिली की या कालव्यांवर कष्ट कोणी उपसले ते लक्षात येते, म्हणून क्रम तोच ठेवावा.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी चाकापासून पायी जाण्याच्या अंतरावर रफकासल हा रोमन किल्ला आहे. दगडी बुरूज तिथे नाहीत. आहेत ते मातीचे उंचवटे, खंदक आणि शत्रूला अडकवण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांच्या रांगा. आपल्याकडच्या गडकिल्ल्यांची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल.

कोणत्या महिन्यात जावे?

मे ते सप्टेंबर सर्वांत बरे. दिवस मोठे असतात आणि फेऱ्याही जास्त. हिवाळ्यात देखभालीसाठी चाक काही आठवडे बंद असते आणि जोराच्या वाऱ्यातही फेऱ्या रद्द होऊ शकतात, म्हणून निघण्यापूर्वी स्कॉटिश कॅनाल्स या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचे वेळापत्रक पाहून, आरक्षण करूनच निघावे. शाळेच्या सुट्ट्यांत ऐन वेळी तिकीट मिळेलच असे नाही. पावसाची वाट पाहू नये आणि पावसाला घाबरूही नये, कारण तो कोणत्याही महिन्यात येतो. बोट वरून झाकलेली असते.

वयस्कर माणसांना झेपेल का? खाण्याची काय सोय आहे?

आवार सपाट आहे आणि बोटीत चढायला फारशा पायऱ्या नाहीत. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी प्रत्येक फेरीत जागा मोजक्याच असतात, तेव्हा आरक्षणाच्या वेळीच तसे सांगावे. उपाहारगृहात चहा-कॉफी, केक, सँडविच असे पदार्थ मिळतात. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण जेवण झाल्याचे समाधानही मिळेलच असे नाही. आमच्या गटातील एका काकूंनी मेथीचे ठेपले नेले होते, आणि शेवटी सगळ्यांनी मोर्चा त्या डब्याकडेच वळवला.

स्कॉटलंडसाठी वेगळा व्हिसा लागतो का?

नाही. भारतीय पारपत्रधारकांना ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो आणि तोच स्कॉटलंडमध्ये चालतो. युरोपच्या सहलीसाठी काढलेला शेंगेन व्हिसा मात्र इथे चालत नाही.

या चाकाचे चित्र नोटेवर आहे, हे खरे का?

खरे आहे. बँक ऑफ स्कॉटलंडने 2007 मध्ये आणलेल्या मालिकेत 50 पौंडांच्या नोटेच्या मागे हे चाक आले. ती कागदी नोट 2022 मध्ये चलनातून गेली, पण 2021 मध्ये आलेल्या 50 पौंडांच्या नव्या नोटेच्या मागेही हे चाक आहे. ती हाती आली तर पाहून घ्यावी, पण शक्यतो स्कॉटलंडमध्येच खर्च करावी. इंग्लंडमधले दुकानदार स्कॉटिश नोटा घ्यायला कधी कधी का-कू करतात.

उद्घाटन कधी झाले?

राणी एलिझाबेथ दुसरी यांनी 24 मे 2002 रोजी, त्यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. त्याच्या आदल्याच महिन्यात काही समाजकंटकांनी दारे उघडून चाकाच्या खड्ड्यात पाणी सोडले होते आणि त्यात यंत्रांचे मोठे नुकसान झाले होते. जो खड्डा कोरडा राहणे का आवश्यक आहे हे वर सांगितले, तोच तो.

असे बोट उचलणारे दुसरे काही युरोपात पाहता येईल का?

इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात अँडर्टन येथे 1875 चे यंत्र आहे. फॉल्कर्कला जे गोल फिरून होते, ते तिथे सरळ वर-खाली होते. बेल्जियमला जाणाऱ्यांनी सांत्र कालव्यावरची जुनी चार यंत्रे आणि त्यांच्या शेजारचे स्त्रेपी-त्यू येथील अजस्र यंत्र एकाच दिवशी पाहावे. जुनी चार 1998 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. नवे यंत्र मोठमोठ्या मालवाहू बोटींना 73 मीटर उचलते आणि तेही फॉल्कर्कच्याच वर्षी, 2002 मध्ये सुरू झाले. काम म्हणून ते कितीतरी मोठे आहे, पण दिसते एखाद्या कारखान्याच्या इमारतीसारखे, आणि आतले यंत्र पाहण्यासाठी आतच जावे लागते.